भरपाई कोणत्या वाटेने? इव्हान्स्टन, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन समोरासमोर

माझ्या वहिनी गेली वीस वर्षं अमेरिकेत आहेत. आता तिथल्या नागरिक आहेत, मतदार यादीत नाव आहे, आणि शहराच्या कौन्सिलच्या बैठकांना त्या नेमाने जातात. परवा त्यांचा फोन आला. "भावजी, आमच्याकडे गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यायचा ठराव येतोय. रिपेरेशन्स. लोकांची निवेदनं मागवलीत. मी बाजूने बोलू की विरोधात?"

मी म्हटलं, वहिनी, आधी ठराव कसला आहे ते वाचा. रिपेरेशन्स हा शब्द एकच असला तरी त्याखाली तीन वेगवेगळी कामं चालली आहेत. एकाला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याला सरळ नाही म्हणू शकतो. त्यांच्यासाठी जे टिपण काढलं तेच इथे देतोय. तिकडे मत असलेल्या इतर मराठी माणसांनाही ते लागेल.

तुलनेआधी दोन जुने हिशेब सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक वादात ते येतात.

१६ एप्रिल १८६२ रोजी वॉशिंग्टन शहरापुरती गुलामगिरी रद्द झाली. त्या कायद्यातच भरपाईची तरतूद होती, प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत, आणि ती मालकांसाठी होती. तीन आयुक्त नेमले गेले. माणसांची किंमत ठरवायला बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारी बोलावला. जवळपास तीन हजार माणसांचे दावे मंजूर होऊन पैसे मालकांच्या हातात पडले. सुटलेल्या माणसाला १०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते, पण देश सोडून जायला तयार असेल तर. आज "एवढ्या लोकांचा हिशेब कोण लावणार, कागद कुठून आणणार" असं कुणी म्हणालं की मला हे आयुक्त आठवतात. मालकांसाठी सगळे कागद सापडले होते.

दुसरा हिशेब १८६५चा. जानेवारीत, यादवी युद्ध संपत आलं असताना, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. ते स्वतःही गुलाम होते, काही वर्षांपूर्वी पैसे भरून त्यांनी स्वतःची सुटका विकत घेतली होती. तुम्हाला काय हवं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं जमीन, आणि ती आपल्या कष्टाने कसायची मुभा. चार दिवसांनी हुकूम निघाला आणि किनारपट्टीची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरपर्यंत वाटायला सुरुवात झाली. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर वसली. लिंकन यांच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. ती दिली वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, काढूनही घेतली वॉशिंग्टनने. देणेकरी कोण, हे तिथेच स्पष्ट होतं.

पहिली वाट: इव्हान्स्टन

शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराकाठचं हे शहर. रॉबिन रू सिमन्स या नगरसेविकेने २०१९ मध्ये विषय लावून धरला. गांजाची विक्री इलिनॉयमध्ये कायदेशीर होत होती, तिच्यावरच्या शहराच्या करातून दहा वर्षांत एक कोटी डॉलर या कामाला द्यायचं ठरलं. गांजाच्या गुन्ह्यांत पकडले जाणारे कृष्णवर्णीय त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते, म्हणून कर तोच निवडला. मार्च २०२१ मध्ये पहिली योजना आठ विरुद्ध एक मतांनी मंजूर झाली. घराचं डाउन पेमेंट, मॉर्गेज किंवा दुरुस्ती यासाठी प्रत्येकी २५,००० डॉलर.

पात्रता नीट वाचा. १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेले प्रौढ कृष्णवर्णीय आणि त्यांचे थेट वंशज हे मुख्य लाभार्थी. पूर्वज गुलाम होते का, हे इथे कुणी विचारत नाही. इव्हान्स्टनने मान्य केलेली चूक गुलामगिरीची नाही. घरं नाकारण्याची, एका वॉर्डात कोंडण्याची, शहराच्या स्वतःच्या धोरणांची ती चूक आहे. मला हाच या योजनेचा सगळ्यात भक्कम भाग वाटतो. चूक कुणी केली, कधी केली, कुणावर केली, हे तिन्ही कागदावर आहे, आणि ज्याने केली तोच पैसे देतोय.

पण जानेवारी २०२२ चं चित्र डोळ्यासमोर आणा. पहिल्या गटातले शंभराहून जास्त अर्जदार पात्र ठरलेले, सगळे उतारवयातले, आणि पैसे होते सोळा जणांपुरते. म्हणून बिंगोच्या पिंजऱ्यात आकडे घातलेले चेंडू टाकले आणि सोडत काढली. ज्यांना घर नाकारलं गेलं होतं ती माणसं साठ-सत्तर वर्षांनी आपला आकडा निघतो का याची वाट बघत होती. काही जण नंबर लागायच्या आधीच गेले. गांजाचा कर अपेक्षेपेक्षा कमी येत होता, म्हणून पुढे घरांच्या खरेदी-विक्रीवरच्या कराची जोड द्यावी लागली.

ते एक विरोधी मत सिसिली फ्लेमिंग यांचं. त्या स्वतः कृष्णवर्णीय आणि भरपाईच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं असं की ही घरबांधणीची मदत आहे, हिला रिपेरेशन्स म्हणू नका. पैसा बँकेकडे आणि ठेकेदाराकडे जातो, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला त्याचं काय करायचं ते ठरवता येत नाही. शहराची बाजू अशी होती की रोख दिली तर त्यावर केंद्राचा आयकर लागेल आणि तो माफ करणं शहराच्या हातात नाही. पुढे २०२३ मध्ये रोख रकमेचा पर्याय आलाच. मला फ्लेमिंग यांचं पटतं. भरपाई देणाऱ्याने ती कशी खर्च करायची हे ठरवलं की तिचं अनुदान होतं.

मे २०२४ मध्ये या योजनेवर केंद्रीय न्यायालयात दावा लागला. लाभ वंश बघून दिला जातोय, म्हणून सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग होतोय, असा आक्षेप आहे. १८६८ साली ती दुरुस्ती नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना संरक्षण देण्यासाठीच आली होती. तुमच्या शहराचा ठराव याच धर्तीवर असेल तर कोर्टाची पायरी गृहीत धरूनच पुढे जा.

दुसरी वाट: कॅलिफोर्निया

इथे राज्य सरकार उतरलं. आमदार शर्ली वेबर यांनी मांडलेल्या २०२० च्या कायद्याने नऊ जणांची समिती बसली. मार्च २०२२ मध्ये तिच्यापुढे कळीचा प्रश्न आला की पात्र कोण. सगळे कृष्णवर्णीय, की अमेरिकेत गुलाम असलेल्यांचे वंशजच? पाच विरुद्ध चार मतांनी वंशावळीची अट ठरली. पूर्वज अमेरिकेत गुलाम असले पाहिजेत, किंवा एकोणिसावं शतक संपायच्या आत इथे राहणारे स्वतंत्र कृष्णवर्णीय. म्हणजे नायजेरियाहून २००५ साली आलेला डॉक्टर यात बसत नाही.

तत्त्व म्हणून मला ही अट योग्य वाटते. अडचण पुराव्याची आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यातलं एखादं पान उघडून बघा. डावीकडे मालकाचं पूर्ण नाव, ठसठशीत अक्षरात. त्याखाली ओळीमागून ओळ नुसतं वय, लिंग आणि रंग. ३४, स्त्री, काळी. १२, पुरुष, काळा. ६, स्त्री, मिश्र. नावाचा रकानाच गुलामांसाठी नव्हता. बहुतेक कुटुंबांतल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा दिसतात ती १८७० साली. त्याच्या मागे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र, विक्रीची कागदपत्रं, मुक्त गुलामांच्या बँकेची खाती असं एकेक शोधावं लागतं. आपल्याकडे वारसाची नोंद लावायला तलाठ्याकडे किती चकरा होतात ते आठवा, आणि मग पणजीचं नावच दप्तरात नाही अशी कल्पना करा. ज्या व्यवस्थेने नाव लिहिलं नाही तिनेच आता नावाचा पुरावा मागायचा, हे मला सहन होत नाही. म्हणून वंशावळीची अट घातली तर ती शोधून देण्याचं काम आणि खर्च सरकारचा असला पाहिजे.

समितीचा हजारावर पानांचा अंतिम अहवाल जून २०२३ मध्ये आला, शंभराहून जास्त शिफारशींचा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने अधिकृत माफी मागितली. २०२५ मध्ये वंशजांसाठी स्वतंत्र कार्यालय उभारण्याच्या कायद्यावर गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली, कॉलेज प्रवेशात वंशजांना प्राधान्य देऊ पाहणारं विधेयक मात्र परत पाठवलं. वंशजांच्या हातात थेट रक्कम अजून आलेली नाही.

त्याच राज्यात एक लहान गोष्ट पूर्ण झाली. मॅनहॅटन बीच गावात ब्रूस पती-पत्नीने १९१२ मध्ये समुद्रकाठी जागा घेऊन कृष्णवर्णीयांसाठी विश्रामगृह चालवलं होतं. गावाने १९२४ मध्ये बागेचं कारण पुढे करून ती जागा संपादित केली. २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ती वारसांना परत दिली आणि पुढच्या वर्षी वारसांनी ती काउंटीलाच सुमारे दोन कोटी डॉलरला विकली. जागा माहीत, वारस माहीत, घेणारा माहीत असला की काम किती सरळ होतं ते इथे दिसतं. फ्लोरिडाने १९९४ मध्ये रोझवूडच्या १९२३ च्या हत्याकांडातून वाचलेल्यांना पैसे दिले, तेही याच कारणाने जमलं.

तिसरी वाट: वॉशिंग्टन

खासदार जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ मध्ये भरपाईचा अभ्यास करणाऱ्या आयोगाचं विधेयक संसदेत मांडलं. पुढे त्याला क्रमांक ४० मिळाला, त्या चाळीस एकरांची आठवण म्हणून. नंतर खासदार शीला जॅक्सन ली यांनी ते जुलै २०२४ मध्ये वारेपर्यंत लावून धरलं. एप्रिल २०२१ मध्ये समितीत २५ विरुद्ध १७ मतांनी ते पुढे सरकलं, पण पूर्ण सभागृहात मतदानाला कधीच आलं नाही.

"नुसत्या अभ्यासाने काय होणार," असं वहिनींनी विचारलं. मला आधी तसंच वाटायचं. जपानी वंशाच्या अमेरिकनांचं प्रकरण वाचल्यावर मत बदललं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या या लोकांसाठी १९८० मध्ये असाच आयोग नेमला. १९८३ मध्ये अहवाल, १९८८ मध्ये रेगन यांच्या सहीचा कायदा, १९९० मध्ये पहिले धनादेश, सगळ्यात वयस्कर माणसांना आधी. माफीचं पत्र आणि प्रत्येकी २०,००० डॉलर, सुमारे ८२,००० लोकांना. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिथे पैसे हयात माणसांना मिळाले, वंशजांना नाही. गुलामगिरीत जगलेलं कुणी आज हयात नाही. विरोधकांचा हा सर्वात जोरकस मुद्दा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. माझं उत्तर एवढंच की १८६५ पासून प्रत्येक पिढीने मागणी केली होती. कॅली हाउस यांनी माजी गुलामांच्या पेन्शनसाठी देशभर संघटना उभी केली, तेव्हा ती माणसं जिवंत होती. सरकारने १९१७ मध्ये त्यांना टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात घातलं. देणेकऱ्याने टाळत राहायचं आणि घेणेकरी मेल्यावर हिशेब मिटला म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आकडे शेजारी ठेवले की बाकीचं कळतं. केंद्रीय बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या श्वेतवर्णीय कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. इव्हान्स्टनचे २५,००० त्या दरीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे. ही दरी भरायची तर दहा लाख कोटी डॉलरच्या वर लागतील, असं अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी मांडतात. सगळ्या राज्यांचे आणि शहरांचे वर्षाचे खर्च एकत्र केले तरी एवढी रक्कम होत नाही. म्हणून शहरांनी हे काम भरपाई या नावाने करूच नये, असं त्यांचं मत आहे. माझं तेवढं टोकाचं नाही.

आणि आपण मध्ये कुठे?

वहिनींच्या मनातली खरी अडचण ही होती. "आम्ही तर आत्ता आलो, आमच्या करातून का?" पण सरकारचं देणं हे सरकारचं असतं. काल नागरिक झालेला माणूस देशाच्या जुन्या कर्जरोख्यांचं व्याजही भरतोच. शिवाय आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या जोरावर. त्या लढ्यात मार खाल्ला तो कृष्णवर्णीयांनी. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं गुलामगिरीवरचं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांना हा विषय परका वाटला नव्हता. जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत मात्र भरपाईला अनुकूल आशियाई वंशाचे ३३ टक्केच होते, कृष्णवर्णीय ७७ टक्के.

तेव्हा वहिनी, निवड अशी करा. ठराव इव्हान्स्टनसारखा, शहराच्याच नोंदवलेल्या चुकीबद्दल असेल तर बाजूने बोला, पण रोख रकमेचा पर्याय आणि वयाने मोठे त्यांना आधी, सोडत नको, एवढं मागा. वंशावळीचा असेल तर कागद शोधून देणारं कार्यालय आणि त्याला पैसा आहे का ते विचारा. नुसती अभ्यास समिती असेल तर अहवालाची तारीख मागा. आणि कौन्सिलने काहीही केलं तरी आपल्या खासदाराला चाळीस क्रमांकाच्या विधेयकाबद्दल पत्र टाका, कारण मोठं देणं तिथे आहे.

काल त्यांनी ठरावाची प्रत पाठवली. योजना घरांचीच आहे, रोख पर्यायासकट. फक्त शेवटच्या कलमात ही रक्कम "पूर्ण आणि अंतिम भरपाई" समजली जाईल असं वाक्य आहे. मंगळवारी प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळणार आहेत. वहिनी ती तिन्ही मिनिटं ते वाक्य काढायला लावण्यासाठी वापरणार आहेत.