नवी मस्टँग आणि वाढीव ताकदीचा हिशोब: इकोबूस्ट, जीटी की डार्क हॉर्स?

फोर्डची नवी मस्टँग ही स्पोर्ट्स कार घ्यायची आणि पुढे तिची ताकद वाढवायची, इतके मनाशी ठरले की खरा प्रश्न समोर येतो. स्वस्तातली इकोबूस्ट घेऊन वाचलेले पैसे ट्युनिंगवर लावावेत, व्ही-८ इंजिनाची जीटी घ्यावी, की कारखान्यातूनच तयारीनिशी येणारी डार्क हॉर्स घ्यावी? आधीच्या पिढीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गॅरेजवाला वेगळे देत असे आणि त्यांपैकी बहुतेक उत्तरे आपापल्या जागी बरोबर असत. या पिढीत मात्र एका गोष्टीने सगळे हिशोब बदलले आहेत. ती गोष्ट म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला कंपनीने घातलेले कुलूप.

सातव्या पिढीची ही गाडी, जिला जाणकार एस-६५० या अंतर्गत नावाने ओळखतात, १४ सप्टेंबर २०२२ रोजी डेट्रॉईटमध्ये प्रथम दाखवली गेली आणि २०२४ चे मॉडेल म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यापासून मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथील कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडू लागली. तिच्या जुन्या प्रतिस्पर्धी, म्हणजे शेव्हरोलेची कॅमॅरो आणि डॉजची व्ही-८ इंजिनाची चॅलेंजर, २०२३ संपता संपता बंद झाल्या. त्यामुळे बेताच्या किमतीत, पुढे व्ही-८ इंजिन आणि मधे हाताने टाकायचे गिअर अशी नवी अमेरिकन स्पोर्ट्स कार हवी असेल, तर आता निवड मस्टँगच्या घरातच करावी लागते. (भारतात २०१६ साली आलेली उजव्या स्टिअरिंगची जीटी ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की ती हिच्या आधीची पिढी होती.)

‘संपूर्ण नवी रचना’ हा शब्दप्रयोग जपूनच घ्यावा. पत्रा, आतला डॅशबोर्ड, पडदे आणि सगळी विजेची यंत्रणा नवी आहे, परंतु खालचा सांगाडा मूलतः आधीच्याच पिढीचा आहे. ट्युनिंग करणाऱ्याच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब नसून सोय आहे, कारण स्प्रिंगा, अँटी-रोल बार, मागच्या सबफ्रेमचे बुश अशा कित्येक सुट्या भागांचा गेल्या दहा वर्षांत तयार झालेला बाजार थोड्याफार फरकाने नव्या गाडीलाही उपयोगी पडतो आणि चाकांच्या बोल्टांचे ५ × ११४.३ हे मापही तेच राहिले आहे. सस्पेन्शनवर काम करू इच्छिणाऱ्याला ही नवी गाडी पहिल्या दिवसापासूनच ओळखीची वाटते. इंजिनावर काम करू इच्छिणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पूर्वी ट्युनिंग म्हणजे काय होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये हातात मावणारे उपकरण जोडावे, मूळ कॅलिब्रेशनची, म्हणजे इंजिन कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील आकड्यांची, प्रत काढून ठेवावी आणि अर्ध्या तासात नवे कॅलिब्रेशन चढवावे, इतकी ती सुटसुटीत बाब होती. नव्या मस्टँगमध्ये गाडीतील सर्व संगणक एकमेकांशी सांकेतिक स्वाक्षरीच्या आधारे बोलतात आणि इंजिनाचे कंट्रोल मॉड्यूल परके सॉफ्टवेअर स्वीकारत नाही. गाडीच्या मुख्य अभियंत्यांनीही सुरुवातीलाच सांगून टाकले होते की, सायबर सुरक्षेच्या गरजांमुळे बाहेरच्यांना हे काम पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण जाईल. पुढे बाहेरच्या कंपन्यांनी मार्ग शोधले, पण त्यासाठी मॉड्यूल काढून उघडण्यासाठी पाठवणे किंवा बदलून घेणे, असा उपद्व्याप करावा लागतो. अर्ध्या तासाचे काम आता गाडी काही दिवस उभी ठेवण्याचे आणि वेगळा खर्च करण्याचे झाले आहे.

या कुलपाचा सर्वांत मोठा फटका इकोबूस्टला बसला आहे, आणि गंमत अशी की नेमकी हीच गाडी कमी पैशांत जास्त ताकद मिळवण्यासाठी घेतली जात असे. २.३ लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन मूळ अवस्थेत ३१५ अश्वशक्ती आणि ३५० पाउंड-फूट टॉर्क देते, आणि तो टॉर्क ३,००० आरपीएमलाच हाती येतो. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, किती वाढवायचा, इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे सारे सॉफ्टवेअरच ठरवत असल्यामुळे तेथे नुसत्या कॅलिब्रेशनने मोठी वाढ मिळते. याचा अर्थ असाही होतो की सॉफ्टवेअर हाताशी नसेल, तर मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) किंवा मोकळा एक्झॉस्ट बसवूनही इंजिन आपल्या ठरलेल्या बूस्टच्या वर जात नाही. त्यातच या पिढीत इकोबूस्टला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नाही. फक्त दहा गिअरची ऑटोमॅटिक मिळते. जीटीपेक्षा साधारण १०० किलोंनी हलके असलेले पुढचे अंग वळणावर जाणवते आणि रोजच्या वापराला ही गाडी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ‘आज इकोबूस्ट घेतो, उद्या व्ही-८ ला गाठतो’ हा बेत आता माझ्या मते सोडून द्यावा. त्या वाटेवर जो खर्च होतो, तो जोडला तर जीटी फार दूर राहत नाही, आणि पुढे विकायच्या वेळी गिऱ्हाईक जीटीलाच मिळते.

जीटीचे बॉनेट उघडले की पहिल्यांदा नजरेत भरतात त्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हवेच्या दोन पेट्या. कोयोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या या चौथ्या आवृत्तीला एकाऐवजी दोन थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) दिल्या असून प्रत्येकीला स्वतःचा फिल्टर आणि स्वतःची नळी आहे. मूळ इंजिन ४८० अश्वशक्ती आणि ४१५ पाउंड-फूट टॉर्क देते. उघडझाप करणाऱ्या झडपांचा सक्रिय एक्झॉस्ट घेतल्यास हे आकडे ४८६ आणि ४१८ होतात. येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या इंजिनाला कंपनीनेच दुहेरी श्वासनलिका दिली आहे, त्याला बाजारातला महागडा ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवून हाती फारसे लागत नाही. नैसर्गिक श्वासोच्छ्वासाच्या इंजिनात किरकोळ बदलांनी मिळणारी वाढ मुळातच थोडी असते, आणि या इंजिनातली बरीचशी वाढ कारखान्यानेच आधी काढून घेतलेली आहे. कागदावरचा आकडा क्रँकशाफ्टचा असतो, हेही विसरू नये. ताकद मोजण्याच्या रोलरवर गाडी चढवली की चाकांपाशी साधारण १२ ते १५ टक्के कमीच दिसते, आणि समोर मोठा पंखा लावूनही लागोपाठ तिसऱ्या खेपेला आत जाणारी हवा तापलेली असल्यामुळे आकडा आणखी खाली येतो. म्हणून कोणी एकाच खेपेचा कागद दाखवून वाढीचा दावा करू लागला, तर बाकीच्या खेपांचे कागदही मागावेत.

मोठी वाढ हवी असेल तर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारे यंत्र, हाच सरळ मार्ग आहे. फोर्डच्या स्वतःच्या परफॉर्मन्स विभागाने व्हिपल या कंपनीचा ३ लिटरचा सुपरचार्जर या गाडीसाठी उपलब्ध करून दिला असून राउश या ट्युनिंग कंपनीचाही संच मिळतो, आणि दोन्ही वाटांनी आकडा ८०० अश्वशक्तीच्या वर जातो. या संचांची खरी किंमत लोखंडात नसून त्यांच्याबरोबर येणाऱ्या कॅलिब्रेशनमध्ये आहे. कुलपाची किल्ली अधिकृतपणे मिळण्याचा हाच सर्वांत निर्धोक रस्ता आहे. १२:१ इतके कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात वरून हवा कोंबायची म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याला) आमंत्रण, अशी शंका जुन्या मेकॅनिकच्या मनात येईल आणि ती रास्तच आहे. परंतु या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्येही सोडले जाते, त्याच्या बाष्पीभवनाने आतले मिश्रण थंड होते आणि त्यामुळे थोडी मोकळीक मिळते. तरीही ती मोकळीक पंपावरच्या इंधनावर अवलंबून असते: ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितके ते नॉकिंगला जास्त दाद देत नाही. मिशिगन किंवा टेक्ससमध्ये ९३ ऑक्टेनचे पेट्रोल सहज मिळते, तर कॅलिफोर्नियात सामान्य पंपावर ९१ च्या पुढे जाता येत नाही. म्हणून शेजारच्या राज्यातल्या मित्राच्या गाडीचा आकडा स्वतःच्या गाडीसाठी गृहीत धरू नये.

सुपरचार्जर लावल्यावर पुढचा कमकुवत दुवा इंजिनापेक्षा गिअरबॉक्समध्ये निघतो. जीटीला मिळणारा सहा गिअरचा गेट्राग एमटी-८२ हा मॅन्युअल गिअरबॉक्स रोजच्या वापरासाठी ठीक आहे, पण उंच आरपीएमला घाईने गिअर टाकणाऱ्यांत त्याचे नाव कधीच फारसे चांगले नव्हते. उलट १०आर८० ही दहा गिअरची ऑटोमॅटिक, जी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केली, आधीच्या पिढीतच सुपरचार्ज्ड गाड्यांमध्ये भरवशाची ठरली आहे. सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी ताकद वाढवायची असेल, तर जीटी ऑटोमॅटिकच घ्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. क्लचचा तिसरा पेडल नसल्याचे दुःख पाव मैलाच्या पट्टीवर फार टिकत नाही. कोयोटच्या आधीच्या आवृत्त्यांत जास्त ताकदीला ऑइल पंपाचे गिअर फुटण्याचे प्रकार घडत असत, म्हणून ८०० च्या पुढे जाणाऱ्याने तेवढा खर्च आधीच बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आता डार्क हॉर्स. ५०० अश्वशक्ती आणि ४१८ पाउंड-फूट टॉर्क हे तिचे आकडे सक्रिय एक्झॉस्टच्या जीटीशेजारी ठेवले, तर फरक अवघा १४ अश्वशक्तीचा आणि टॉर्कमध्ये शून्याचा आहे. एवढ्यासाठी कोणी ती घेऊ नये. पैसे ज्यासाठी मोजायचे त्या गोष्टी आकड्यांत दिसत नाहीत: शेल्बी जीटी-५०० या आधीच्या पिढीतल्या ताकदवान मस्टँगकडून घेतलेले फोर्ज्ड (घडीव, जास्त भार सोसणारे) कनेक्टिंग रॉड, मॅन्युअलमध्ये एमटी-८२ ऐवजी ट्रेमेक टीआर-३१६० गिअरबॉक्स, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारे टॉर्सन डिफरन्शिअल, इंजिन ऑइलबरोबरच डिफरन्शिअलसाठीही कूलर, पुढे ब्रेंबोचे सहा पिस्टनचे ब्रेक कॅलिपर आणि ३९० मिलिमीटरच्या डिस्क. मॅग्नेराइड शॉक अॅब्सॉर्बर मुळातच दिलेले असतात. त्यांच्या तेलात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्र बदलताच ते तेल क्षणार्धात घट्ट किंवा पातळ झाल्यासारखे वागते. सर्किटवर वीस मिनिटांचे सत्र सलग चालवायचे असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत गाडी पहिल्यासारखीच राहते की तेलाचे तापमान वाढून माघार घ्यावी लागते, यावर सारे अवलंबून असते, आणि तेथे डार्क हॉर्सचे कूलर वीस-पंचवीस अश्वशक्तीपेक्षा जास्त मोलाचे ठरतात. ट्रेमेकचा गिअर हाताला कसा लागतो, हे लिहून सांगता येण्यासारखे नाही. आधी जीटी आणि लगेच डार्क हॉर्स चालवून दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना हाताला काय जाणवते, तेवढे पाहावे.

पैशांचा हिशोब मात्र बारकाईने केला पाहिजे. गाड्या बाजारात आल्या तेव्हाच्या किमतींनुसार इकोबूस्ट ३१ हजार डॉलरच्या आसपास, जीटी ४१-४२ हजारांच्या आणि डार्क हॉर्स ५८ हजारांच्या आसपास सुरू होत होती. नंतर त्या वर सरकल्या आहेत. जीटीला परफॉर्मन्स पॅक आणि मॅग्नेराइड घेतले की टॉर्सन, मोठे ब्रेक आणि ऑइल कूलर मिळून किंमत तेव्हा ४८ हजारांच्या पलीकडे जात होती. म्हणजे अशी सजवलेली जीटी आणि डार्क हॉर्स यांत उरलेले अंतर दहाएक हजारांचे होते, आणि योगायोगाने सुपरचार्जरच्या संचाला, मजुरी सोडून, साधारण तेवढेच पैसे पडत. त्याच दहा हजारांत एकतर ३०० हून अधिक जादा अश्वशक्ती मिळते किंवा सर्किटवर न थकणारी गाडी मिळते. दोन्ही एकदम हवे असल्यास डार्क हॉर्सवर सुपरचार्जर हा पर्याय आहे, आणि फोर्ज्ड रॉडमुळे तो यांत्रिकदृष्ट्या सर्वांत समाधानाचाही आहे, परंतु मग खर्च त्या सुरुवातीच्या किमतींनुसारही ७० हजारांच्या घरात जात होता.

वॉरंटीबद्दल बरेच गैरसमज आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्सवर फोर्डची अमेरिकेत ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांची वॉरंटी असते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा असे सांगतो की नुसता बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला सरसकट हात झटकता येत नाहीत. मात्र बदललेल्या कॅलिब्रेशनमुळेच इंजिन गेले असेल, तर तो कायदा तुमच्या मदतीला येत नाही. म्हणूनच फोर्डचा स्वतःचा संच अधिकृत डीलरकडून बसवून घेतल्यास मिळणाऱ्या ३ वर्षे किंवा ३६ हजार मैलांच्या मर्यादित वॉरंटीला किंमत आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी संचाला तेथील हवाई प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. क्रमांक नसेल तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या प्रदूषण तपासणीत गाडी अडकते.

डार्क हॉर्सवर मन बसले असेल, तर मागणीपत्रातल्या हँडलिंग पॅकेजच्या चौकटीत खूण करण्यापूर्वी थोडे थांबावे. त्या पॅकेजबरोबर पुढे ३०५ आणि मागे ३१५ मिलिमीटर रुंदीचे पिरेली ट्रोफिओ आरएस टायर येतात. कोरड्या सर्किटवर ते अप्रतिम धरतात, परंतु साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्यांचे रबर कडक होऊन पकड सुटते. मिशिगनमध्ये ऑक्टोबर संपत आला की पहाटे तापमान याहून खाली असते, त्यामुळे अशा गाडीबरोबर थंडीच्या टायरांचा दुसरा संच आणि तो ठेवायला गॅरेजमध्ये जागा, दोन्ही आधीच धरून चालावे लागते.