प्लॅस्टिकच्या फळीमागचे कुजलेले लाकूड

इंग्लंडमधल्या कौलारू घरांच्या वाशांची टोके झाकण्यासाठी छपराच्या कडेने एक उभी फळी ठोकलेली असते. तिला फेशिया म्हणतात. पावसाची पन्हळ तिच्यावरच टांगलेली असते, आणि वळचण खालून बंद करणाऱ्या आडव्या फळीला सॉफिट म्हणतात. जुन्या घरांत या फळ्या लाकडाच्या असल्याने त्या काढून यूपीव्हीसी या कडक प्लॅस्टिकच्या बसवण्याचा व्यवसाय इथे जोरात चालतो. रेडिंगमधल्या आमच्या 1930 च्या दशकातल्या घरी या कामात आमची जी फसवणूक झाली, ती इथल्या इतर मराठी कुटुंबांची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शेजारच्या गल्लीत काम चालू असल्याचे सांगत एक गृहस्थ दारावर आले, परवानगी घेऊन शिडीवर चढले आणि हातात कुजलेल्या लाकडाचा एक तुकडा घेऊन उतरले. तुमची फेशिया अशी झाली आहे, पावसाळी दिवसांत पन्हळ खाली येईल, असे त्यांनी सांगितले. जुने सगळे काढून नवीन बसवण्याचा दर त्यांनी आधी भरमसाट सांगितला आणि आजच होकार दिला तर म्हणून तो बराच खाली आणला. मिळालेल्या कागदावर ‘फेशिया व सॉफिट नवीन’ एवढेच शब्द, एकूण रक्कम आणि दहा वर्षांची हमी होती. फळीची जाडी, जुने लाकूड काढण्याचा उल्लेख किंवा करार रद्द करण्याच्या हक्काची सूचना त्यावर नव्हती. आगाऊ रक्कम आम्ही क्रेडिट कार्डाने दिली आणि उरलेली काम संपल्यावर रोख.

दोन माणसांनी संध्याकाळच्या आत काम उरकले. खालून पाहताना सगळे पांढरेशुभ्र आणि सरळ रेषेत दिसत होते. या फसवणुकीचे मर्म तिथेच आहे, कारण जमिनीवर उभे राहून चांगल्या आणि वाईट कामातला फरक कोणालाही दिसत नाही. पुढच्या हिवाळ्यात पन्हळ मधोमध झुकली, पाणी भिंतीवरून वाहू लागले आणि माळ्यावर वाशांच्या टोकांशी काळी बुरशी धरली. हमीच्या कागदावरचा फोन तोवर बंद झाला होता.

ओळखीतून आलेल्या दुसऱ्या कारागिराने कोपऱ्यातली एक फळी उचकटून दाखवली. ती जेमतेम 9 मिलिमीटर जाडीची होती आणि मूळच्या लाकडी फेशियावर तशीच ठोकलेली होती. त्या लाकडात त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओला, तपकिरी भुसा चिकटलेला होता. पन्हळीचे स्क्रू याच लाकडात बसवले होते.

9-10 मिलिमीटरची फळी ही केवळ झाकण्यासाठी असते आणि तीही मागचे लाकूड ठणठणीत असेल तरच चालते. लाकूड काढून थेट वाशांवर बसवायची फळी 16 ते 18 मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते आणि ती प्रत्येक वाशावर प्लॅस्टिकच्या टोपीच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन खिळ्यांनी धरावी लागते. प्लॅस्टिक उन्हाने लांबते, त्यामुळे सांध्यात काही मिलिमीटर जागा सोडून वर पट्टी लावायची असते. आमच्याकडे फळ्या एकमेकींना भिडवल्या होत्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या फुगून वाकल्या. सॉफिटला हवेची फटही ठेवली नव्हती. नेहमीच्या उताराच्या छपराला वळचणीपाशी सलग 10 मिलिमीटर फटीइतकी हवा मिळावी लागते, ती बंद झाली की घरातली वाफ माळ्यावर साचते. बुरशीचे कारण तेच निघाले.

त्या दिवशी घरासमोर जुन्या लाकडाचा ढीग पडलाच नव्हता. खरोखर बदल होत असेल तर आधी पन्हळ उतरते, मग लांबच लांब फळ्या खाली येतात आणि वाशांची टोके उघडी पडतात. त्या उघड्या टोकांचे फोटो पाहिल्याशिवाय नवी फळी बसवू देऊ नये आणि फळीची जाडी व जुने लाकूड काढण्याची अट कागदावर लिहून घ्यावी. सॉफिट लाकडाची नसून सिमेंटच्या पत्र्यासारखी असेल, तर तिच्यात श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. इथे त्यावर 1999 मध्ये संपूर्ण बंदी आली, त्याआधीच्या घरांत तपासणी करून घेणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दारावर झालेला असा करार इथल्या 2013 च्या ग्राहक करारांच्या नियमांनुसार 14 दिवसांत रद्द करता येतो आणि त्या हक्काची माहिती दिली नसेल तर ही मुदत आणखी 12 महिन्यांपर्यंत वाढते. आमच्या हाती हे नियम उशिरा आले, पण 1974 च्या ग्राहक पतकायद्याचे कलम 75 उपयोगी पडले. कामाची किंमत 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल आणि तिचा थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तरी पूर्ण कामासाठी कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवली की ती ट्रेडिंग स्टँडर्ड्स या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागापर्यंत पोहोचते, तीही आम्ही नोंदवली. कार्ड कंपनीने त्रयस्थ कारागिराचा लेखी अहवाल मागितला. तो, उचकटलेल्या फळीचे फोटो आणि मूळ कागद आम्ही पाठवले आहेत, आणि निर्णय येईपर्यंत उचकटलेली फळी गॅरेजमध्ये जपून ठेवली आहे.