इस्रो की नौदल? फिटर भाच्याचा पेच

औंधच्या आयटीआयमधून फिटर झालेला भाचा विचारत होता, "मामा, इस्रोत टेक्निशियन होऊ की नौदलात अग्निवीर?" वय वीस, बारावी सायन्स झालेली.

वयाचं आधी बघ. अग्निवीर म्हणजे चार वर्षांची भरती, त्यात एकविशीच्या आत शिरावं लागतं. इस्रोच्या टेक्निशियन-बी पदाला साधारण पस्तिशीपर्यंत मुभा, दहावी आणि आयटीआय पुरे. पण जागा मोजक्या, जाहिरातीची वाट बघत बसायचं.

पगार: अग्निवीर पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 30 टक्के निधीत कापून. चार वर्षांनी कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. इस्रोत मूळ वेतन 21,700 पासून, वर भत्ते. नोकरी मात्र कायमची.

काम? नौदलात जहाजाच्या इंजिन रूममध्ये घामाच्या धारा, कानठळ्या आणि रात्रीची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. इस्रोच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, टोपी-मास्क घालून एकेक बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळायचा, नोंद करायची. कंटाळाही तसाच! शिवाय केरळातलं थुंबा किंवा आंध्रातलं श्रीहरिकोटा, म्हणजे वरणभात विसरायचा.

समुद्राची ओढ असेल तर आत्ताच नौदल, कारण ते दार लवकर बंद होतं. बारीक हातकाम आणि स्थैर्य हवं असेल तर इस्रो. तोवर चाकणला अप्रेंटिसशिप कर.