फ्रेडीच्या ‘पाचगणी एडिशन’पायी ५२,३५० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या सोलो अल्बमच्या रेकॉर्डची ‘पाचगणी एडिशन’ अशी जाहिरात इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर दिसली तर एक रुपयाही पाठवू नका. असं काही निघालेलंच नाही. माझे ५२,३५० रुपये गेले. त्यातले ३३,६०० चार मित्रांचे होते, ते मी पदरचे घालून परत केले. पैशापेक्षा हे जास्त लागलंय, कारण ते माझ्या शब्दावर आले होते.

कुणी म्हणेल, रेकॉर्डच्या नादापायी एवढे पैसे? ज्याला नाद नाही त्याला नाही कळायचं. फ्रेडीचे हयातीतले सोलो अल्बम दोनच: १९८५ चा ‘मिस्टर बॅड गाय’ आणि ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेसोबतचा १९८८ चा ‘बार्सेलोना’. २०१२ मध्ये ‘बार्सेलोना’तले सिंथेसायझर काढून पूर्ण ऑर्केस्ट्रा घातला. २०१९ च्या बॉक्स सेटमध्ये ‘मिस्टर बॅड गाय’चंही नव्याने मिक्सिंग झालं. चांगलं झालंय ते, पण ज्यांनी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं त्यांना जुनाच आवाज हवा असतो. त्या भामट्याला हे बरोबर ठाऊक होतं. त्याची जाहिरात होती: ‘मूळ मिक्स, मूळ टेपवरून, १८० ग्रॅमची जाड तबकडी, नंबर घातलेल्या प्रती, जर्मनीत प्रेसिंग, सोबत सेंट पीटर्स शाळेतल्या दिवसांची पुस्तिका.’ फ्रेडी पाचगणीत शिकला, हेक्टिक्स हा पहिला बँड त्याने तिथंच केला. वाईवरून पसरणीचा घाट चढताना आमच्या गाडीत दरवेळी हाच विषय निघतो. आमची नस ओळखूनच त्याने गळ टाकला होता.

एक सेट ८,४०० रुपये. आम्ही पाच जण, म्हणजे ४२,०००. निम्मे आगाऊ, निम्मे ‘प्रेसिंग पूर्ण झाल्यावर’, म्हणजे तबकड्या तयार झाल्यावर.

आता जे डोक्यातून जातच नाही ते सांगतो. माझी कोल्हापुरात शाहूपुरीत ऑफसेट प्रेस आहे, आयुष्य छपाईत गेलं. दुसरा हप्ता मागताना त्याने कव्हरचं प्रूफ पीडीएफमध्ये पाठवलं. मी मोठं करून बघितलं तर फ्रेडीच्या गालावर आणि कपाळावर जाळी उठलेली. छापलेला कागद स्कॅन करून पुन्हा छपाईची फाईल केली की छपाईच्या ठिपक्यांवर पुन्हा ठिपके बसतात आणि अशी जाळी येते. मूळ फोटोवरून काम केलं असेल तर ती येत नाही. म्हणजे याने कुणाचं तरी जुनं कव्हर स्कॅनरवर पालथं घातलं होतं. मी विचारलंही. उत्तर आलं, “सर, व्हॉट्सॲपवर फोटो फाटतो.” पीडीएफ व्हॉट्सॲपवर फाटत नाही, हे आमच्याकडच्या हेल्परलाही कळतं! पण आम्हीसुद्धा फाईल चोरीला जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकाला हलकं प्रूफच पाठवतो. त्यानेही तेच केलं असेल असं मी धरलं, आणि माझ्या जागी कुठल्याही प्रेसवाल्याने तेच धरलं असतं. उरलेले २१,००० पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एका माणसाचं नाव आलं. आज अर्धा बाजार असाच चालतो, त्यावरून संशय कसा घ्यायचा?

मग ६,८५० रुपये ‘कस्टम ड्युटी’, मग ३,५०० ‘विमा, माल पोचल्यावर परत’. हे ऐकून ठेवा: परदेशातून पार्सल आलं तर ड्युटी कुरियरवाला किंवा पोस्ट मागतं, पावती देऊन. विकणाऱ्याच्या खाजगी यूपीआयवर ड्युटी भरायची नसते. विम्याचे पैसे गेले, त्याच रात्री त्याने सगळ्यांना ब्लॉक केलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली गेली. खरा ताप त्यानंतर. पोलीस ठाण्यात समोरच्याने पहिला प्रश्न केला, “गाण्याच्या तबकड्या? यूट्यूबवर फुकट मिळतंय की ओ सगळं.” मी काय ऐकावं हे विचारायला तिथं गेलो नव्हतो. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि तेच स्क्रीनशॉट पुन्हा प्रिंट काढून द्यायचे. एफआयआर म्हटलं की “आधी अर्ज द्या, चौकशी करू.” अर्जाची पोच मागितली तर तोंड वाकडं. एकाने तर मित्रांदेखत विचारलं, “कमिशन किती होतं तुम्हाला?” ज्याचे पैसे गेले त्यालाच चोर ठरवायचं?

बँकेची तऱ्हा वेगळी. “पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा.” फसवून घेतलेली संमती ही कसली संमती? समोरच्या खात्यात ४,१२० रुपये अडकवून ठेवलेत म्हणे, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटणार नाहीत, असं बँकेने तेव्हा सांगितलं. वकिलाची फी त्याहून जास्त. बाकीचे पैसे कुठल्या खात्यात वळवले हे पोलिसांना विचारा म्हणतात, पोलीस म्हणतात बँकेने कळवलेलं नाही. मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी १९३० ला फोन, नंतर घरच्यांना सांगा; पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले गेले तरच काही हाती लागतं. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी. आधी नोंदणी मग प्रेसिंग असं कुणी म्हटलं की लेबलचं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं) नाव आणि त्या रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर मागा, आणि तो कलाकाराच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन ताडून बघा. त्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही.

तेच अकाउंट आता नाव बदलून दुसऱ्या एका गायकाचे सोलो अल्बम विकतंय, प्रूफवर तशीच जाळी आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडच्या कुणी त्याला पैसे दिले असतील तर यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) आणि तक्रार क्रमांक काढून ठेवा आणि मला कळवा. माझा अर्ज तयार आहे, सगळ्यांचे एकत्र जोडून थेट वरिष्ठांकडे देऊ.