कॅप्सूल कॉफी मशीन: टँकरच्या पाण्यावर काढलेलं वर्ष

"पंप गेलाय, ४,८०० रुपये लागतील" असा शेरा मारलेला कॉफी मशीनच्या सर्व्हिसचा कागद माझ्याकडे अजून आहे. पंप गेलेला नव्हता. त्याच पंपाने आज सकाळी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि माझी कॉफी काढली. १९ बारचा पंप, अर्ध्या मिनिटात तापणारं पाणी, एवढ्या-तेवढ्या लिटरची टाकी हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. ज्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी मशीन घेण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

निवडताना मी एकच गोष्ट बघितली: कॅप्सूल, म्हणजे कॉफीची पूड भरलेली छोटी बंद डबी, एकाच कंपनीकडून घ्यावी लागू नये. नेस्लेचे अभियंते एरिक फाव्र यांनी या कॅप्सूल पद्धतीचं पेटंट १९७६ मध्ये मिळवलं आणि नेस्लेचं नेस्प्रेसो हे कॅप्सूल मशीन १९८६ मध्ये बाजारात आलं. ती पेटंटं २०१२ च्या सुमारास संपली, तेव्हापासून त्या मापाच्या छोट्या कॅप्सूल कोणीही बनवू शकतं. आपल्याकडचे रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, तेही आता बनवतात. कंपनीची नंतरची पद्धत, व्हर्चुओ, वेगळी आहे. तिच्या कॅप्सूलच्या कडेवर बारकोड असतो, मशीन तो वाचून कॅप्सूल गरगर फिरवतं. कॉफी चांगली येत असेल, पण मला एका दुकानाशी बांधून घ्यायचं नव्हतं. म्हणून जुन्या मापाची कॅप्सूल घेणारं, दुसऱ्याच एका कंपनीचं, सव्वाबारा हजारांचं मशीन घेतलं. त्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या बऱ्याच मशीनना लागू पडेल.

ऑगस्टमध्ये मशीन आलं. डेमोला आलेल्या मुलाने व्यवस्थित काम केलं, हे सांगायलाच हवं. खोक्यातली कागदाची पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली, रंग बघितला, आणि दोन बटणं एकत्र दाबून धरून पाण्याच्या जडपणाची, म्हणजे त्यातल्या क्षारांच्या प्रमाणाची, पायरी 'मऊ' वर लावून दिली. पावसाळ्यात आमच्याकडे महापालिकेचं, खडकवासल्याकडून येणारं पाणी असतं. ते खरोखरच मऊ आहे. तेव्हा पट्टीही बरोबर होती आणि पायरीही.

पहिले काही महिने मी या मशीनवर खूश होते. कॅप्सूलमध्ये जेमतेम पाच ग्रॅम पूड असते, ४० मिली कॉफी येते, वर दाट फेस. अण्णांना जायफळ घातलेली दुधाची कॉफी लागते, आणि ती यात होईल अशी त्यांना अजिबात खात्री नव्हती. मी गॅसवर दूध तापवून, त्यात जायफळ किसून, वर ४० मिली कॉफी सोडून दिली. अण्णा म्हणाले, "अगं, कडक झालीय. पण वास सुरेख आहे." दुसऱ्या दिवसापासून दूध थोडं वाढवलं आणि तेच आता त्यांचं माप झालंय. इथे एक सूचना. मोठ्या कपाचं बटण, ११० मिलीचं, साध्या कॅप्सूलवर दाबू नका. पूड तेवढीच असते, जास्तीचं पाणी तिच्यातून कडवटपणा तेवढा ओढून आणतं. मोठा कप हवा असेल तर लुंगोसाठी, म्हणजे जास्त पाण्याच्या कॉफीसाठी, बनवलेली कॅप्सूल घ्या, नाहीतर ४० मिली काढून वर वेगळं गरम पाणी ओता.

फेब्रुवारीत टँकर सुरू झाले. मार्चमध्ये कॉफीची चव उतरली. चिकमगळूरच्या अरेबिकाची एक हलक्या भाजणीची कॅप्सूल मी घेते, तिच्यात फळासारखा आंबटगोडपणा असतो. तो गेला. कॉफी कडू नव्हती, नुसतीच सपक. रोस्टरला कळवलं, त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरं पाकीट फुकट पाठवलं, तेही तसंच लागलं. एप्रिलमध्ये हा अनुभव लिहिला असता तर मी "या कॅप्सूल घेऊ नका" असंच लिहिलं असतं. तो सल्ला आज मी देणार नाही, कारण कॅप्सूल चांगल्या होत्या. जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारतात आणि हलक्या भाजणीच्या कॉफीचा सगळा जीव त्या आम्लांतच असतो. गडद भाजणीची कॅप्सूल त्याच पाण्यात तितकी बिघडत नाही, हे मी घरी शेजारी शेजारी दोन कप ठेवून बघितलं आहे.

मे महिन्यात धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नुसताच पंपाचा घरघराट. क्षार काढा असं सांगणारा नारिंगी दिवा मात्र एकदाही लागला नाही.

फोनवरच्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, दिवा लागला नाही म्हणजे क्षाराचा प्रश्न नाही, टेक्निशियन पाठवतो." वॉरंटी दोन वर्षांची असूनही व्हिजिटचे ६५० रुपये आधी घेतले. टेक्निशियनने बटण दाबलं, आवाज ऐकला, खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात काय किती विरघळलंय ते मोजणारं, पेन काढून नळाच्या पाण्यात बुडवलं आणि म्हणाला, "ताई, टँकरचं पाणी आहे ना? पंप गेलाय. क्षारामुळे गेलेला पंप वॉरंटीत बसत नाही." म्हणजे फोनवर क्षाराचा प्रश्न नाही म्हणून माणूस पाठवला, आणि घरी आल्यावर क्षाराचाच प्रश्न आहे म्हणून पैसे मागितले. मशीन उघडून कोणीही बघितलं नव्हतं. मी सही केली नाही.

त्याच रात्री माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, आणि तिथे मला तो दिवा काय करतो ते समजलं. या मशीनमध्ये क्षार मोजणारं काहीही नाही. किती पाणी आतून गेलं तेवढंच ते मोजतं. पायरी 'मऊ' असेल तर खूप लिटर गेल्यावर दिवा लागतो, 'अतिजड' असेल तर थोड्याच. ती पायरी पहिल्या दिवशी एकदा लावायची आणि विसरायची, असं सगळं रचलेलं आहे. ज्या गावात बारा महिने एकाच स्रोताचं पाणी नळाला येतं तिथे हे चालेल. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात धरणाचं आणि उन्हाळ्यात टँकरने आणलेलं विहिरी-बोअरचं पाणी येतं. आपला सगळा खडक बेसॉल्टचा, त्यातून आलेलं पाणी बहुतेक जडच असतं. ऑगस्टमध्ये लावलेली पायरी मार्चमध्ये चुकीची ठरते, आणि मशीनला ते कळण्याचा कुठलाच मार्ग नाही.

मी फिश टँकच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट आणलं. नळीत ठरावीक पाणी घ्यायचं, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे साधारण १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर जडपणा. टँकरच्या पाण्याला २२ थेंब लागले, म्हणजे ३९० च्या आसपास. जुलैत धरणाचं पाणी परत सुरू झाल्यावर तीन थेंबांतच रंग बदलला. स्वयंपाकघर तेच, नळही तोच, आणि जडपणात सातपट फरक. टीडीएसच्या पेनावर विसंबू नका, हे टेक्निशियनलाही सांगितलं. ते पेन विरघळलेलं सगळंच मोजतं. सॉफ्टनर लावलेल्या बिल्डिंगमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, पेनावरचा आकडा जवळपास तोच राहतो, पण थर धरत नाही. मशीनला धोका कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. पाणी तापलं की त्यांचा पांढरा थर बसतो. गीझरच्या कॉइलवर आपण तो बघतोच. इथे पाणी तापतं ती वाट फारच अरुंद आहे, म्हणून लवकर कोंडते.

आणि आमच्या घरचा यूव्ही-यूएफचा प्युरिफायर जंतू मारतो, जडपणाला हात लावत नाही. बऱ्याच जणांचा समज असतो की फिल्टरचं पाणी म्हणजे झालं.

क्षार काढण्याची पहिली फेरी कंपनीच्या पुडीने केली. तिच्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं, किंमत जवळपास ९०० रुपये. सुरुवातीला पाणी आत जाईचना. थोडं थोडं ढकलायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत ढकलायचं, असं करत दुपार गेली. संध्याकाळी भांड्यात पांढरे कण पडायला लागले आणि धार थोडी मोकळी झाली. दुसरी फेरी किराणा दुकानातल्या सायट्रिक अ‍ॅसिडने केली, ढोकळ्यात घालतो तेच. एक लिटर थंड पाण्यात २५ ग्रॅम, पूर्ण विरघळवून, कॅप्सूल न घालता. जास्त दाट करू नका, त्यातून न विरघळणारा वेगळाच साका होऊ शकतो. व्हिनेगर तर वापरूच नका, रबराच्या रिंगांना ते बाधतं आणि वास कित्येक कप जात नाही. शेवटी दोन टाक्या साधं पाणी सोडलं. त्यानंतर जी धार आली ती ऑगस्टमधल्या पहिल्या कपासारखी होती. मला इतका आनंद झाला की अण्णांना रात्री नऊ वाजता कॉफी दिली आणि त्यांनी ती घेतली.

मग मी भांडले. माहितीपुस्तकात लिहिलंय, "पिण्याचं स्वच्छ पाणी वापरा." आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. माझं पाणी ३९० चं. शिवाय याच मशीनमध्ये सर्वांत जड पाण्यासाठी वेगळी पायरी आहे, म्हणजे असं पाणी वापरलं जाणार हे कंपनीने धरलेलंच आहे. मग त्याच पाण्याचं कारण देऊन वॉरंटी कशी नाकारता? याला उत्तर आलं नाही. "पंप बदलायची गरज उरली नसल्याने तक्रार बंद करत आहोत" असा मेल आला.

माझी मागणी साधी आहे. पायरी बदलायची युक्ती पुस्तकाच्या शेवटच्या पानांत दडवू नका, मशीनच्या तळाला चिकटवा. आणि 'पाण्याचा स्रोत बदलला की पट्टी परत बुडवा' हे एक वाक्य छापा. त्यांना कागदाचा खर्च आहे, मला तो ४,८०० रुपयांचा ठरत होता.

आरओ बसवा, असं सगळेच सुचवतात. आरओ पाण्याचा मोठा भाग वाया घालवतो, आणि ज्या घरात पाणी टँकरने येतं तिथे कॉफीसाठी मी ते करणार नाही. ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच दिले होते. मी उन्हाळ्यात २० लिटरचा जार आणते. कॉफीला दिवसाला असं किती लागतं, अर्धा लिटरही नाही. नुसत्या जारच्या पाण्याची कॉफी पोकळ लागते, म्हणून दोन भाग जारचं आणि एक भाग नळाचं पाणी मिसळते. जडपणा १३०-१४० पर्यंत येतो, आणि स्पेशालिटी कॉफीवाले ५० ते १७५ चांगला मानतात. चिकमगळूरची ती कॅप्सूल या मिश्रणात पुन्हा आंबटगोड लागायला लागली.

खर्चाचं एकदा स्पष्ट सांगते, कारण मला तो बोचतो. ४५ रुपयांची कॅप्सूल, आत पाच ग्रॅम पूड, म्हणजे किलोला ९,००० रुपये. चांगली भाजलेली अरेबिका याच्या चौथाई भावात मिळते. पाहुणे आले की मी अजूनही पितळी फिल्टरच काढते. सहा जणांना कॅप्सूलची कॉफी म्हणजे २७० रुपये, आणि शेवटच्याचा कप येईपर्यंत पहिल्याचा गार. पण सकाळी एकाला सहाला आणि एकीला आठला कॉफी हवी असते तिथे हे मशीन खरंच उपयोगी आहे, आणि अण्णा आता स्वतःची कॉफी स्वतः करतात याची किंमत मी रुपयांत करत नाही.

प्लॅस्टिकच्या स्वस्त कॅप्सूल घेऊन बघितल्या. ३० रुपयांना पडतात, पण काही आत वाकतात आणि दांडा अडकतो. अण्णांच्या मनगटाला ते झेपत नाही, म्हणून बंद केल्या. ॲल्युमिनियमच्या वापरलेल्या कॅप्सूल मी कापून चोथा कुंड्यांत टाकते, धुऊन साठवते आणि भंगारवाल्याला इतर डब्यांबरोबर देते. चोथ्यासकट दिल्या तर तो घेत नाही. हॅम्बर्गमध्ये २०१६ मध्ये सरकारी पैशाने अशा कॅप्सूल घ्यायला मनाई केली होती ती याच कचऱ्यामुळे. धुवायची तयारी नसेल तर तुम्हीही या वाटेला जाऊ नका.

सध्या पायरी 'मऊ' वर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा पहिला निरोप आला की 'अतिजड' वर नेणार, आणि दिव्याची वाट न बघता महिन्याला सायट्रिकची एक फेरी करणार. व्हिजिटचे ६५० रुपये अजून परत आलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. त्यांनी थेंबांच्या किटचे फोटो मागवले, ते पाठवले आहेत.