१०,००० लक्सचा दिवा: स्टॉकहोमच्या हिवाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च

अंधाऱ्या हिवाळ्यातली उदासी आणि जडपण कमी करायला सकाळी लावायच्या दिव्याचा हा अभिप्राय. खोक्यावरच्या १०,००० लक्सला (लक्स म्हणजे उजेडाचं माप) भुलू नका, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं अंतर वाचा. टॅबलेटएवढे स्वस्त दिवे हा आकडा जेमतेम १५ सेंमीवर गाठतात, म्हणजे नाक काचेला टेकवून बसायचं. हा पॅनल ३० बाय ४० सेंमीचा, ३० सेंमीवर पूर्ण उजेड देणारा. पोह्यांची बशी आणि चहाचा कप आला की दिवा हळूच मागे सरकतो, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईच्या आसपास येतो. "काहीच फरक पडत नाही" ही तक्रार बरेचदा इथूनच सुरू होते. टेबलावर चिकटपट्टीची खूण करा.

डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं, तीनच्या आत मावळतं. ऑफिसातला उजेड ५०० लक्सच्या आसपास. शरीराला त्यात सकाळ झाल्याचं कळतच नाही. म्हणून उठल्यावर तासाभरात ३० मिनिटं. दिवा किंचित बाजूला, डोळ्यांच्या जरा वर. त्याच्याकडे टक लावायची नाही, पण डोळे उघडे हवेत. पेपर वाचा, खा. डोकं दुखलं तर पहिला आठवडा १५ मिनिटंच. फरक कळायला एक-दोन आठवडे जातात. रविवारी दहापर्यंत लोळून मग लावला की सोमवार जड जातो, आणि संध्याकाळी लावला तर झोपेचं खोबरं.

यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण अतिनील किरण गाळलेले असतात (आणि असायलाच हवेत). त्यासाठी रक्त तपासून गोळी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत २० मिनिटं बाहेर चाला. ढगाळ असलं तरी ऑफिसपेक्षा उजेड जास्तच.

सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती 'नैसर्गिक' म्हणून मनाने सुरू करू नका: नैराश्याच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांशी त्याचं जमत नाही. बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) किंवा डोळ्याच्या दृष्टिपटलाचा आजार असेल तर दिव्याआधी डॉक्टर. जगणं नकोसं वाटायला लागलं तर दिव्यावर विसंबू नका, थेट ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन.

मार्चच्या मध्यावर सहाच्या सुमारास उजाडायला लागतं. तेव्हा २०, मग १० मिनिटं करत बंद करता येतो. भर हिवाळ्यात मात्र काही दिवस खंड पडला की जडपण परत येतं, आणि एवढा पॅनल प्रवासाच्या बॅगेत मावत नाही. रेटिंगमधला एक तारा त्यासाठी कापला.