खाऱ्या वाऱ्यात आठ महिने: होडीवर वापरलेल्या कॅमेऱ्याचा अनुभव

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत दाभोळ ते वेंगुर्ला हा किनारा मी मेहुण्याच्या यांत्रिक होडीने टप्प्याटप्प्याने पाहिला. एका फेरीला चार ते सहा दिवस लागत आणि रात्रीचा मुक्काम बहुधा होडीवरच असे. सागरी किल्ले आणि खाड्यांची मुखे पाण्याच्या बाजूने टिपायची, एवढाच हेतू होता. त्यासाठी ४०,००० रुपयांच्या घरातला, खिशात मावणारा वॉटरप्रूफ कॅमेरा घेतला. पुढे एक तक्रार येणार असल्यामुळे कंपनीचे नाव लिहीत नाही.

खरेदीपूर्वी माझ्यासमोर तीन पर्याय होते. लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा चित्राच्या दर्जात निर्विवाद सरस. परंतु उघड्या होडीत वारा सुटलेला असताना लेन्स काढणे म्हणजे सेन्सरवर स्वतःच्या हाताने खार शिंपडणे होय. लांब झूमच्या एकसंध कॅमेऱ्याची लेन्स प्रत्येक वेळी नळीसारखी पुढे येते, मागे जाते आणि तसे करताना बाहेरची दमट, खारट हवा आत ओढून घेते. या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र काचेआडच सरकते, बाहेर काहीच येत नाही, आणि माझा निर्णय मुख्यतः याच एका गोष्टीने झाला. चौथा पर्याय म्हणून मोबाइल सुचवणारे पुष्कळ भेटले. ओल्या बोटांनी मोबाइलचा पडदा चालवून पाहिल्यावर तेही गप्प बसतात; बटणांचे महत्त्व होडीवरच कळते.

जाहिरातीत १५ मीटर खोलीचा मोठा गाजावाजा असतो. तारकर्लीच्या स्नॉर्केलिंगचा एक दिवस वगळता मला त्या खोलीची कधी गरज पडली नाही. होडीवर कॅमेरा बुडत नसतो, तो दिवसभर तुषारांनी भिजत आणि उन्हात वाळत असतो. शिवाय जलरोधकतेच्या ज्या श्रेणी खोक्यावर छापलेल्या असतात, त्यांची चाचणी गोड्या पाण्यात होते. प्रत्येक वेळी पाणी उडून जाते आणि मीठ मागे उरते. ते बटणांच्या फटीत आणि बॅटरीच्या झाकणाच्या कडेला साचते. पहिल्याच आठवड्यात झूमची कळ करकरू लागली, तेव्हा आमचे मालवणकडचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, हसून म्हणाले, ‘‘लोखंडाक सोडणा नाय, ता मीठ ह्येका सोडतला?’’

यावर उपाय गोड्या पाण्यात भिजवण्याचा. पण होडीवर गोडे पाणी पिण्यापुरतेच असते. शेवटी बरणीवजा प्लास्टिकच्या डब्यात लिटरभर पाणी घेऊन, झाकण नीट बंद असल्याची खात्री करून, रोज संध्याकाळी कॅमेरा दहा मिनिटे त्यात ठेवायचा आणि पाण्यातच प्रत्येक बटण पाच-सहा वेळा दाबायचे, असा परिपाठ ठेवला. तेच पाणी मग हात धुण्यास वापरता येते. या क्रमात खंड पडला नाही, तोवर कळा सुरळीत राहिल्या.

खंड पडला तो फेब्रुवारीत, विजयदुर्गाच्या खाडीत. थकव्यामुळे कॅमेरा न धुता, न पुसता, दिव्याशिवाय झाकण उघडून चार्जिंगला लावला. सकाळी पाहतो तो झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीवर तिळाएवढा वाळूचा कण बसलेला, आणि त्याच्या बाजूने मिठाची पांढरी रेघ बॅटरीच्या खोबणीपर्यंत गेलेली. कॅमेरा वाचला, परंतु चार्जिंगचे भोक कायमचे बाद झाले. दुरुस्ती केंद्राने ‘पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही’ असे ऐकवले. पाण्यासाठीच विकलेल्या वस्तूबद्दल हे वाक्य ऐकताना राग आला, हे नमूद करतो. वाळूच्या कणाबाबत चूक माझीच होती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर दोन जादा बॅटऱ्या आणि यूएसबीवर चालणारा वेगळा चार्जर घेतला. होडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर मोटारीतले साधे यूएसबी सॉकेट बसवले की इन्व्हर्टर लागत नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते, कारण झाकण जितके कमी उघडाल तितके बरे. कंपनी एका बॅटरीवर ३४० छायाचित्रे सांगते. जीपीएस बंद ठेवून मला सव्वादोनशेच्या आसपास मिळाली.

छायाचित्रांविषयी. लेन्सची २५ मिलिमीटरची, म्हणजे विस्तृत दृश्य टिपणारी रुंद बाजू होडीवर उत्तम चालते. अडचण सेन्सर लहान असण्याची आहे. दुपारी सिंधुदुर्गाचा काळवंडलेला तट आणि त्याभोवतीचे चकाकते पाणी एकाच चौकटीत घेतले की एक तर तट काळाठिक्कर होतो, नाही तर पाणी पांढरेफटक पडते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घेतल्यास थोडेफार सावरता येते. त्या किल्ल्याचा मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलेला आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. तिथे सकाळच्या तिरप्या उजेडावाचून काही साधले नाही. झूम १०० मिलिमीटरला संपतो. सुरूच्या शेंड्यावरचा समुद्रगरुड म्हणजे माझ्या संग्रहात एक तपकिरी ठिपका आहे. पक्षी हाच हेतू असेल तर हा कॅमेरा घेऊ नये. कडक उन्हात मागचा पडदा जवळजवळ दिसतच नाही आणि डोळा लावायला खिडकी नाही, ही मला झूमपेक्षाही मोठी उणीव वाटते.

चित्र हलण्याचा दोष मी प्रथम लाटांना देत होतो. प्रत्यक्षात कारण होते डिझेल इंजिन. होडीच्या काठावर कोपर टेकवले की त्याची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. आतले स्थिरीकरण हाताचा कंप सांभाळते, इंजिनाचा नव्हे. हात मोकळे ठेवून, गुडघे किंचित वाकवून, शटर १/१००० सेकंदावर ठेवल्यावर फरक पडला. मूळ काळा पट्टाही पहिल्याच दिवशी बदलावा. अडीचशे ग्रॅमचा हा कॅमेरा पाण्यात दगडासारखा तळ गाठतो, म्हणून नारिंगी तरंगता पट्टा हवा.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली आणि होडी वर ओढली गेली. कॅमेरा आता बॅटरी काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात आहे; कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरायला दोन महिने पुरतात. रबरी पट्टी वर्षाकाठी बदलावी लागते. ती मागवली आहे, आणि ती बसवून बादलीत बुडवून पाहिल्याशिवाय ऑक्टोबरात कॅमेरा होडीवर नेणार नाही.